टॅरंटुलाचे निर्मोचन आणि त्या काळातील निगा

टॅरंटुलाचे निर्मोचन म्हणजे टॅरंटुला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या, केसाळ कोळ्याने वाढीसाठी आपले जुने बाह्यकंकाल टाकून देण्याची क्रिया होय. व्यवहारात तिला 'कात टाकणे' असेच म्हणतात. पाळीव टॅरंटुलाच्या आयुष्यातील हा सर्वांत नाजूक काळ असतो. या काळात तो काही तास हालचालीस असमर्थ आणि पुढे काही दिवस पूर्णतः मऊ व निःशस्त्र असतो. निर्मोचनाच्या वेळी पाळीव टॅरंटुला दगावण्याची कारणे अनेक असली, तरी त्यांतील टाळता येण्याजोगी कारणे बहुतेक करून माणसाच्या घाईशी निगडित असतात. उताण्या पडलेल्या प्राण्याला मेलेला समजणे, त्याला हलवणे, जिवंत भक्ष्य पेटीत तसेच राहू देणे आणि कात टाकल्यावर लगेच खाऊ घालणे या त्यांतील ठळक चुका होत. त्यामुळे या विषयावरील सूचनांमध्ये काय करावे यापेक्षा काय करू नये याचाच भाग मोठा आहे.

पार्श्वभूमी

संधिपाद संघातील सर्व प्राण्यांप्रमाणे कोळ्यांच्या शरीराला बाहेरून कायटिनयुक्त कठीण कवच असते. टॅरंटुलांचा समावेश थेराफोसिडी या कुळात होतो. या कुळात एक हजाराहून अधिक जाती ज्ञात आहेत. 'टॅरंटुला' हे नाव मुळात इटलीतील तारांतो या शहरावरून एका लांडगा कोळ्याला मिळाले होते. युरोपीय लोकांना अमेरिका खंडात मोठे केसाळ कोळी दिसले, तेव्हा ते नाव त्यांना चिकटले आणि मूळ धन्याकडून जवळजवळ हिरावले गेले.

पाळीव प्राणी म्हणून टॅरंटुला ठेवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः उत्तर अमेरिका आणि युरोप येथे रुजली. ब्रिटनमध्ये १९८४ साली ब्रिटिश टॅरंटुला सोसायटी स्थापन झाली. स्टॅन्ली व मार्गरीट शुल्ट्झ यांचे 'द टॅरंटुला कीपर्स गाइड' हे पुस्तक या छंदातील परिचित संदर्भग्रंथ आहे. त्याआधी आर्कान्सा विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ विल्यम बेअर्ग यांनी अमेरिकेतील टॅरंटुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांचे 'द टॅरंटुला' हे पुस्तक १९५८ मध्ये निघाले.

पाळल्या जाणाऱ्या जातींत मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याकडील प्रदेशात आढळणारा तांबड्या गुडघ्यांचा टॅरंटुला (ब्रॅकिपेल्मा हॅमोरी) विशेष लोकप्रिय आहे. पूर्वी त्याची विक्री ब्रॅकिपेल्मा स्मिथी या जवळच्या जातीच्या नावाने होत असे. दोहोंतील फरक २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केला. या लेखात वयाचे व कालावधीचे जे अंदाज दिले आहेत, ते प्रामुख्याने अशा जमिनीवर राहणाऱ्या, सावकाश वाढणाऱ्या जातींना लागू पडतात.

भारतातील वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पश्चिम घाटासह भारताच्या अनेक भागांत पीसिलोथेरिया या प्रजातीचे वृक्षवासी टॅरंटुला निसर्गतः आढळतात. २०१९ पासून ही संपूर्ण प्रजाती सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. ब्रॅकिपेल्मा प्रजातीलाही हेच संरक्षण आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सायटिसच्या परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगण्यासाठी नोंदणीची तरतूद करण्यात आली आहे. रानातून कोळी उचलून घरी आणणे हे छंदाच्या नावाखालीही समर्थनीय ठरत नाही.

निर्मोचनाची क्रिया

'कात' हा शब्द मराठी माणसाला सापामुळे परिचित असतो. परंतु सापाची कात आणि टॅरंटुलाची कात यांत मोठा भेद आहे. साप त्वचेचा केवळ वरचा पातळ थर टाकतो. त्याचा हाडांचा सांगाडा आत शाबूत असतो. टॅरंटुलाच्या बाबतीत टाकायची वस्तू हाच सांगाडा असतो. पाय, विषदंत, डोळ्यांवरील आवरण आणि अंगावरचे केस यांच्यासह सारे बाह्यकंकाल तो एकाच वेळी सोडतो. एवढेच नव्हे, तर घसा, अन्न शोषून घेणारे चूषक जठर आणि श्वसनाची पुस्त-फुप्फुसे यांचे आतले अस्तरही कातेबरोबर बाहेर येते. मादीच्या शुक्रकोशाचे अस्तरही याला अपवाद नाही. बाहेर पडलेली कात बहुधा इतकी अखंड असते की, पेटीत एकाचे दोन टॅरंटुला झाले असा भास होतो.

तयारी मात्र कित्येक आठवडे आधी सुरू झालेली असते. संप्रेरकांच्या प्रभावाने जुन्या कवचाखाली नवे कवच तयार होऊ लागते. दोन कवचांच्या मध्ये एक द्रव स्रवतो. तो जुन्या कवचाचा आतला थर विरघळवतो आणि प्रत्यक्ष कात टाकताना वंगणाचेही काम करतो. नवे कवच या अवस्थेत मऊ आणि घड्या पडलेले असते. जुन्या कवचातून सुटल्यावर ते ताणले जाते आणि हळूहळू कठीण होते. त्यामुळे पाय आणि शिरोवक्ष (डोके व छाती यांचा जोडभाग) यांची वाढ फक्त निर्मोचनाच्या वेळीच होते. उदराचे आवरण लवचिक असल्याने ते मधल्या काळातही खाण्यापिण्यानुसार फुगते किंवा आकसते.

प्रत्यक्ष क्षण आला की हृदयाचे ठोके वाढतात आणि उदरातील रक्तरस शिरोवक्षाकडे ढकलला जातो. वाढलेल्या दाबाने शिरोवक्षावरील ढालीसारखे कवच कडेने उकलते आणि डब्याचे झाकण उघडावे तसे सुटते. त्यानंतर उदरावरील कातडे फाटून मागे सरकते. मग सर्वांत अवघड भाग येतो: आठ पाय, तोंडाजवळची पायांसारखी दोन स्पर्शांगे आणि विषदंतांची जोडी ही सर्व अंगे एकाच वेळी, लयबद्ध हिसक्यांनी जुन्या कवचातून ओढून काढली जातात. पायाचा मधला जाड भाग बुडाशी असलेल्या अरुंद कड्यातून बाहेर यावा लागतो. नवे कवच मऊ असते म्हणूनच हे शक्य होते. या टप्प्यावर एखादा पाय अडकला की तो मोडण्याचा किंवा कायमचा गुंतण्याचा धोका असतो.

लहान पिलांत ही क्रिया अर्ध्या तासाच्या आत आटोपू शकते. पूर्ण वाढलेल्या टॅरंटुलाला काही तास लागतात, क्वचित याहून पुष्कळ जास्त. पिले जवळजवळ दर महिन्याला, तर प्रौढ माद्या वर्षाला किंवा दोन वर्षांनी एकदा कात टाकतात. ब्रॅकिपेल्माच्या माद्या वीस वर्षांहून अधिक जगू शकतात आणि अखेरपर्यंत कात टाकत राहतात.

पूर्वलक्षणे

निर्मोचन जवळ आल्याचे सर्वांत सामान्य लक्षण म्हणजे अन्न नाकारणे. एरवी भक्ष्यावर झडप घालणारा टॅरंटुला ते जवळ आले तरी मागे सरकतो. प्रौढ प्राण्यात हा उपवास काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत चालतो. केवळ उपवास हा पुरावा मात्र पुरेसा नव्हे. चिलीमधून आलेला गुलाबी छटेचा ग्रॅमोस्टोला प्रजातीचा टॅरंटुला निर्मोचनाशी काहीही संबंध नसताना महिनोन् महिने काही न खाण्याबद्दल प्रसिद्ध आहे आणि त्याने असंख्य पालकांना चिंतेत टाकले आहे. उदर भरलेले आणि गोल असेल, तर उपवासाने घाबरण्याचे कारण नसते.

अमेरिका खंडातील पुष्कळ जातींना उदरावर खाज आणणारे केस असतात. संकटाच्या वेळी ते मागच्या पायांनी उडवले जातात आणि त्या जागी टक्कल पडते. हे टक्कल एरवी त्वचेच्या फिकट किंवा गुलाबी रंगाचे दिसते. आत नवे केस उगवू लागले की ते गडद होत जाते आणि निर्मोचनाच्या आधी जवळजवळ काळे पडते. पिलांचे उदर या वेळी टपोरे, चकचकीत आणि गडद दिसते. आशिया व आफ्रिकेतील जातींना असे केस नसल्याने, पीसिलोथेरियासारख्या कोळ्यांत हे लक्षण शोधण्यात अर्थ नाही. तेथे रंगाचा निस्तेजपणा, मंद हालचाल आणि आडोशाला दडून राहणे एवढ्यावरच अंदाज बांधावा लागतो.

बिळात राहणाऱ्या जाती बिळाचे तोंड माती व रेशमाने बंद करतात. झाडावरच्या जाती रेशमाच्या नळीत स्वतःला कोंडून घेतात. बिळाचे तोंड बंद दिसले म्हणून उकरून पाहण्याचा मोह होतो. कोंडलेला प्राणी गुदमरत नाही. उकरण्याने मात्र तो नेमक्या वाईट वेळी उघडा पडू शकतो. जमिनीवर राहणारे टॅरंटुला निर्मोचनाच्या काही तास किंवा एखादा दिवस आधी रेशमाचा दाट गालिचा विणतात आणि काही जाती त्यात आपले खाजरे केसही मिसळतात. या गालिचावरच ते पुढे उताणे होतात.

निर्मोचनापूर्वीची तयारी

पूर्वलक्षणे दिसू लागताच पहिले काम म्हणजे पेटीतील सर्व जिवंत भक्ष्य काढून घेणे. रातकिडे, झुरळे आणि पिठातील अळ्या हे टॅरंटुलाचे नेहमीचे खाद्य. पण निर्मोचनाच्या वेळी खाणारा आणि खाद्य यांची भूमिका उलटते. भुकेला रातकिडा मऊ पडलेल्या टॅरंटुलाचे पाय वा उदर कुरतडू शकतो आणि तेवढी जखमही जीवघेणी ठरते. अळ्या मातीत शिरून राहतात. त्यामुळे दिसत नाही म्हणजे नाही, असे गृहीत धरू नये. अळी नेहमी डोके ठेचून किंवा वाटीत दिल्यास हा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरे काम पाण्याचे. स्वच्छ पाण्याने भरलेली उथळ वाटी या काळात सतत असावी. पूर्वीच्या पुस्तकांतून हवेतील आर्द्रतेच्या टक्केवारीवर फार भर दिलेला आढळतो आणि त्यापायी अनेक जण पेटीत आर्द्रतामापक बसवून दिवसातून चार वेळा फवारणी करतात. अनुभवी पालकांचे आजचे मत वेगळे आहे. दोन कवचांमधील द्रव प्राण्याच्या स्वतःच्या शरीरातून येतो. म्हणून आधीच्या आठवड्यांत तो पुरेसे पाणी प्यालेला असणे अधिक महत्त्वाचे. मेक्सिकोच्या कोरड्या झुडपी प्रदेशातील जातींना भरलेली वाटी आणि वाटीभोवतीची थोडी ओलसर माती पुरते. दक्षिण अमेरिकेच्या वर्षावनातील थेरॅफोसा ब्लाँडी या महाकाय कोळ्याला मात्र माती कायम ओलसर लागते आणि कोरड्या पेटीत त्याचे निर्मोचन बिघडण्याचा धोका असतो. पिलांना वाटी ठेवण्याइतकी जागा नसल्यास मातीचा एक कोपरा ओला ठेवावा. कोणत्याही परिस्थितीत फवारा प्राण्याच्या अंगावर मारू नये. बंदिस्त, कुबट ओलही घातक आहे, कारण तिच्यामुळे बुरशी येते.

उष्णता वाढवली की निर्मोचन लवकर होते या समजुतीने दिवा लावण्याची पद्धत टाळावी. दिव्याने पेटी कोरडी पडते. नेहमीच्या खोलीचे तापमान बहुतेक जातींना पुरते. पेटी वारंवार सरकवणे, साफसफाई करणे, माती बदलणे ही कामे या काळात पुढे ढकलावीत. प्राण्याला हातात घेणे तर पूर्णपणे बंद असावे.

उताणी अवस्था आणि मृत्यूशी होणारी गल्लत

बहुतेक टॅरंटुला पाठीवर पडून कात टाकतात. काही कुशीवर पडून टाकतात आणि क्वचित एखादा उभ्यानेच टाकतो. आठही पाय वर पसरून निश्चल पडलेला कोळी प्रथमच पाहणाऱ्याला मृत वाटतो. अशा जिवंत प्राण्याला पालथे करणे, काडीने डिवचणे किंवा पेटीबाहेर फेकणे ही या छंदातील सर्वांत दुःखद आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक होय.

मरणासन्न टॅरंटुला सहसा उताणा होत नाही. तो पालथाच असतो आणि त्याचे पाय मुठीसारखे पोटाखाली वळतात. यामागे शरीररचनेचे कारण आहे. कोळ्याच्या पायांत सांधे आत वळवणारे स्नायू असतात. परंतु काही मुख्य सांधे सरळ करण्यासाठी स्नायूच नसतात. ते काम रक्तरसाच्या दाबाने होते. मृत्यू जवळ आल्यावर किंवा शरीरातील पाणी फार घटल्यावर हा दाब कमी होतो आणि स्नायू पाय आत ओढून घेतात. थोडक्यात, उताणा आणि पाय पसरलेला कोळी बहुधा कात टाकत असतो. पालथा आणि पाय आवळलेला कोळी संकटात असतो. दुसऱ्या अवस्थेत त्याला वाटीच्या काठावर असे टेकवावे की तोंड पाण्याला लागेल, पण उदर बाहेर राहील. पुस्त-फुप्फुसांची छिद्रे उदराच्या खालच्या बाजूस असल्यामुळे ही दक्षता घ्यावी लागते.

उताणा झाल्यावर पुष्कळ वेळ काहीच घडत नाही असे दिसते. या शांततेने पालकाचा धीर सुटतो. या वेळी एकच उपाय सर्वमान्य आहे: पेटीला हात न लावणे. छायाचित्र घ्यायचे असल्यास झाकण न उघडता, झगमगीत दिव्याविना, काचेबाहेरून घ्यावे. जोराचा धक्का बसल्यास प्राणी अर्ध्यावर उठण्याचा प्रयत्न करतो आणि मऊ पाय वाकडे होतात.

निर्मोचनानंतरची निगा

कात बाजूला झाल्यावर टॅरंटुला आणखी काही तास तसाच पडून राहतो. अधूनमधून तो पाय ताणतो व आखडतो. हे आचके नव्हेत. नवे कवच कठीण होत असताना सांधे मोकळे राहावेत यासाठीची ती हालचाल आहे. नंतर तो स्वतःच्या बळावर पालथा होतो. त्याला उलथण्यास मदत करू नये. नव्या केसांचे रंग या दिवसांत सर्वांत तेजस्वी असतात. तांबड्या गुडघ्यांच्या टॅरंटुलाचे नारिंगी पट्टे तर रंगवल्यासारखे दिसतात. उदर मात्र पूर्वीपेक्षा लहान व सुरकुतलेले दिसते. ते स्वाभाविक आहे.

पाणी ताबडतोब उपलब्ध असावे; अन्न नव्हे. कात टाकल्यानंतर विषदंत पांढरे आणि मऊ असतात. ते क्रमाने तांबूस आणि शेवटी काळे होतात. दंत काळे होईपर्यंत प्राण्याला भक्ष्यात दात रोवता येत नाहीत आणि तसा प्रयत्न केल्यास दंत वाकण्याची वा तुटण्याची भीती असते. पिलांना साधारण तीन-चार दिवस, मध्यम वाढीच्या प्राण्यांना आठवडाभर आणि प्रौढांना दहा ते पंधरा दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. दिवस मोजण्यापेक्षा दंतांचा रंग पाहणे अधिक भरवशाचे. टॅरंटुला काचेवर चढला असता खालून ते सहज दिसतात. महिनाभर उपाशी असलेल्या प्राण्याची दया येऊन लवकर खाऊ घालणारे अनेक असतात. पण ही दया त्या प्राण्याच्या उपयोगाची नसते. पहिले भक्ष्य लहान द्यावे आणि चोवीस तासांत न खाल्ल्यास काढून घ्यावे.

कात लगेच ओढून काढण्याची घाई नसावी. काही टॅरंटुला ती स्वतःच वाटीत किंवा कोपऱ्यात नेऊन टाकतात. एरवी एक-दोन दिवसांनी, प्राणी दूर असताना, लांब चिमट्याने ती उचलावी. जुन्या केसांतील खाज आणणारा गुण कातेतही टिकून असतो. हे केस डोळ्यांत गेल्यास गंभीर दाह होतो. म्हणून हातमोजे घालावेत, कातेवर फुंकर मारू नये आणि काम झाल्यावर हात धुण्याआधी चेहऱ्याला स्पर्श करू नये.

या दिवसांत पडण्याचा धोकाही ध्यानात घ्यावा. जमिनीवरच्या जातींना उंच पेटीचा उपयोग नसतो. मऊ अवस्थेत काचेवरून पडल्यास उदर फुटू शकते. तळाच्या मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर त्याच्या पायांच्या एकूण पसाऱ्याच्या दीडपट असले तरी पुरते.

अडचणी व उपाय

निर्मोचन बिघडण्यामागे शरीरातील पाण्याची कमतरता, जुनी इजा, मध्येच झालेला व्यत्यय किंवा वार्धक्य यांपैकी काहीही असू शकते. अनेकदा कारण कळतच नाही.

एखादा पाय कातेत अडकला आणि प्राण्याच्या हालचाली बराच काळ पूर्ण थांबल्या, तरच हस्तक्षेपाचा विचार करावा. कोमट पाण्यात किंवा पाणी व ग्लिसरीनच्या मिश्रणात बुडवलेल्या मऊ कुंचल्याने फक्त जुने कवच ओलसर करणे आणि पुन्हा वाट पाहणे हा सौम्य उपाय सांगितला जातो. थेंब पुस्त-फुप्फुसांवर पडू देऊ नयेत. कात ओढणे सहसा अनर्थाला कारण होते, कारण नवे कवच जुन्याबरोबर फाटते. निर्मोचन संपल्यानंतरही कातेचा तुकडा एखाद्या पायाला लटकत असेल, तर तो सुकून आवळू लागण्याआधी ओला करून सोडवता येतो. न सुटल्यास कोळ्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. पाय गमावणे टॅरंटुलाला तितकेसे घातक नसते. संकटात तो स्वतःच बुडाजवळच्या सांध्यातून पाय सोडून देतो आणि तेथील जखम लवकर बंद होते.

रक्तस्राव मात्र तातडीचा असतो. कोळ्याच्या रक्तरसात लोहाऐवजी तांबे असलेले हीमोसायनिन हे द्रव्य असते. त्यामुळे तो निळसर, जवळजवळ पाण्यासारखा दिसतो आणि नजरेतून सुटू शकतो. लहान जखमेवर कॉर्नफ्लोरची चिमूट किंवा पेट्रोलियम जेली लावून तो थोपवण्याचा प्रयत्न करतात. उदरावरील मोठी जखम बहुधा प्राणघातक ठरते.

विषदंत तुटले वा कातेबरोबर गेले, तरी मादीच्या किंवा वाढत्या प्राण्याच्या बाबतीत आशा असते. ठेचलेले कीटक वा त्यांचा रस पुढील निर्मोचनापर्यंत देत राहिल्यास नवे दंत येऊ शकतात. याउलट चूषक जठराचे जुने अस्तर आतच अडकले, तर बाहेरून धडधाकट दिसणारा टॅरंटुला भक्ष्य पकडतो, पण गिळू शकत नाही. यावर खात्रीचा इलाज उपलब्ध नाही.

गळालेले पाय पुढील निर्मोचनांत पुन्हा उगवतात. पहिल्या खेपेस नवा पाय बारीक व आखूड असतो. दोन-तीन निर्मोचनांनंतर तो इतरांच्या बरोबरीला येतो. वारंवार कात टाकणाऱ्या पिलांत ही भरपाई काही महिन्यांत होते, तर प्रौढ मादीत त्याच कामाला वर्षे लागतात.

आणखी एका प्रथेचा उल्लेख करणे योग्य होईल. अशक्त कोळ्याला ओल्या कागदी रुमालांनी भरलेल्या, बंद डब्यात ठेवण्याची पद्धत एकेकाळी सर्रास सुचवली जात असे. डब्यातील कोंदट ओलीपेक्षा समोर पाणी ठेवून प्राण्याला त्याच्या जागी शांत राहू देणेच अधिक हितकारक, असे आता अनेक जाणकार मानतात. कात टाकत असलेल्या कोळ्याला उचलून अशा डब्यात हलवणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

कातेचा उपयोग

टॅरंटुला नर आहे की मादी हे लहान वयात वरून पाहून ओळखणे कठीण असते. कात हे त्याचे उत्तम साधन होय. मादीच्या उदराच्या कातेत आतील बाजूस, पुढच्या दोन पुस्त-फुप्फुसांच्या ठशांमध्ये शुक्रकोशाचे अस्तर लहानशा झडपेसारखे किंवा जोडपिशवीसारखे उभे दिसते. नराच्या कातेत ते नसते. कात वाळल्यावर चुरगळते. अशा वेळी भांडी घासण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकलेल्या पाण्यात ती भिजवून, मऊ झाल्यावर सपाट पृष्ठावर कुंचल्याने उलगडतात. लहान पिलांच्या बाबतीत भिंग किंवा सूक्ष्मदर्शक लागतो. शुक्रकोशाचा आकार जातीनुसार वेगळा असल्याने वर्गीकरणातही त्याला महत्त्व आहे. कात जपून ठेवणे आणि तीवर तारीख लिहिणे ही चांगली सवय मानली जाते. दोन निर्मोचनांमधील अंतर माहीत असेल, तर पुढील उपवास नेहमीचा आहे की चिंतेचा, याचा अंदाज येतो.

नराचे अखेरचे निर्मोचन

मादी आयुष्यभर कात टाकत असली, तरी नराच्या आयुष्यात एक निर्मोचन अखेरचे असते. बेअर्ग यांनी अभ्यासलेल्या आर्कान्सामधील टॅरंटुलांच्या नरांना तेथपर्यंत पोहोचायला सुमारे दहा वर्षे लागत. मुबलक खाद्य मिळणारे पाळीव नर पुष्कळ लवकर प्रौढ होतात. या निर्मोचनातून बाहेर पडलेला नर सडपातळ व लांब पायांचा दिसतो. त्याच्या स्पर्शांगांची टोके फुगीर झालेली असतात, कारण शुक्र वाहून नेणारे अवयव त्यांत असतात. अनेक जातींत पुढच्या पायांवर मादीचे दंत अडवून धरणारे आकडेही दिसू लागतात.

यानंतर त्याचे वागणे बदलते. एरवी दिवसेंदिवस एका जागी बसणारा प्राणी रात्रभर पेटीत फेऱ्या मारतो, झाकणाच्या फटी धुंडाळतो आणि अन्नाकडे दुर्लक्ष करू लागतो. झाकण घट्ट ठेवणे, पाणी देत राहणे आणि खाईल तेव्हा लहान भक्ष्य देणे एवढीच त्याची निगा उरते. बहुतेक नर त्यानंतर काही महिने ते वर्ष-दीड वर्ष जगतात. एखादा दीर्घायुषी नर पुन्हा कात टाकू पाहतो. परंतु स्पर्शांगांची फुगीर टोके जुन्या कवचातून निघत नाहीत आणि तो प्रयत्न बहुधा त्याच्या मृत्यूनेच संपतो. क्वचित एखादा ती टोके गमावून त्यातूनही वाचतो आणि स्पर्शांगांविना आणखी काही काळ काढतो.